तळहातात संत्रं

जून महिना. पुलाखाली वारा कापत सुटलेला.
रस्त्याच्या कडेला इथे सगळेच हातांनी बोलतात.
तर्जनी वर: जोहान्सबर्ग, शहरात.
तर्जनी खाली: इथल्या इथेच, पुढच्या वस्तीपर्यंत.
आणि आमच्या ऑरेंज फार्मला जायचं तर
उताणा हात, बोटं वळवलेली,
जसं काही त्यात एक संत्रं आहे
आणि येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीला ते तुम्ही विकायला काढलंय.

हे बोलणं मी आईच्या कडेवर शिकले,
बहिऱ्यांच्या शाळेतल्या खुणांच्या कितीतरी आधी.
ऐकू येणारी माणसं संध्याकाळी ओळीत उभी राहून
माझ्या भाषेत बोलतात.
उच्चार मात्र वाईट.
त्या हातमोजेवाल्या बाईचं संत्रं लिंबाएवढं,
त्या पोराचं कलिंगड.
मला हसू फुटतं. लोकांना वाटतं, थंडीने दात वाजतायत.

टॅक्सी थांबते. आत चौदा, मी पंधरावी.
दार सरकून बंद होतं
आणि माझी भाषा बाहेर राहते.

आत सगळा तोंडाचा कारभार.
घंटा नाही, दोरी नाही, बटण नाही.
उतरायचं तर ओरडायचं: शॉर्ट लेफ्ट!
किंवा: रोबोटच्या पुढे!
(सिग्नलला आम्ही रोबोट म्हणतो.)
मी ओरडले तर काय बाहेर पडतं
ते एकदाच पाहिलंय, लोकांच्या चेहऱ्यांवर.
पुन्हा नाही.

म्हणून चिठ्ठी.
लॉन्ड्रीच्या पावतीमागे ठसठशीत अक्षरांत:
निळ्या टाकीपाशी. मला ऐकू येत नाही. आभार.
शेजारच्याला दाखवायची, तो ओरडतो, संपलं.
तीन वर्षं हीच चिठ्ठी,
घड्यांवर विरलेली, चिकटपट्टीने सांधलेली.

आज शेजारी एक आजोबा. मांडीवर पिशवी,
पिशवीतून मान काढून बसलेली कोंबडी.
मी भाड्याची नोट दिली, चिठ्ठी दाखवली.
त्यांनी ती उलटी धरली, सुलटी केली,
माझ्याकडे बघून जाणत्यासारखी मान हलवली,
नोटेच्या घडीत सारली
आणि दिली पुढच्या रांगेत.

चालली माझी चिठ्ठी.
तिसऱ्या रांगेत तिच्यावर नाणी पडली,
दुसऱ्या रांगेत आणखी तीन नोटा, बोटांची आकडेमोड,
चालकाशेजारी हिशेबाला बसलेली एक नर्स.
तिने नोटा सोडवल्या. थांबली.
ओठ हलवत वाचलं.
मग वळली. छातीवर बिल्ला: एन. मासोम्बुका.
तिच्यामागोमाग सगळेच वळले.
इतकी तोंडं एकदम माझ्याकडे,
कोंबडीचंसुद्धा.

आणि मग ती सगळी एकदम उघडली.
काय म्हणाली, ते मला सीटच्या लोखंडातून कळलं,
पाठीच्या मणक्यातून वर चढलं.
ब्रेक. पिशवीत फडफड.
दार कुणीतरी धाडकन उघडलं असणार.
हात पुढे आले, माझी थैली, माझं कोपर,
कलिंगडवाला पोरगा बाहेर बोट दाखवतोय, अभिमानाने:
निळं!

निळा होता तो. कंटेनर.
आत केस कापायचं दुकान.
माझी टाकी अजून दोन मैल पुढे.

काय सांगणार होते? कुठल्या हाताने?
आजोबा तर इतके खूश,
जणू चिठ्ठी त्यांनीच वाचली.
मी उतरले.
मासोम्बुकाबाईंनी खिडकीतून सुट्टे दिले.
मोजले, तर दोन रँड जास्त.
चिठ्ठी आली नाही. ती हिशेबात गेली.

कोळशाच्या धुराचा वास. शेगडीभोवती माणसं,
एक कुत्रं थोडा वेळ सोबत आलं, मग त्याला काम आठवलं.
हातांना अजून चादरींच्या खळीचा वास होता.
मागून टॅक्सी आली, दिवे उघडझाप:
कुठे? कुठे जायचंय?
मी हात खिशातच ठेवले,
दोन रँडच्या नाण्याभोवती.
आजच्यापुरतं माझं बोलून झालं होतं.